पॅराव्ह्यूचा चार्ट कोरा का येतो: एका सल्ल्याला उत्तर

‘पॅराव्ह्यूमध्ये पायथनने चार्ट करायच्या भानगडीत पडू नका. ट्रेसची स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालत नाही, चार्ट कोरा येतो, सर्व्हरवर तर चित्रच निघत नाही. सरळ सीएसव्ही (आकड्यांची साधी मजकूर फाइल) काढा आणि मॅटप्लॉटलिबमध्ये आलेख काढून मोकळे व्हा.’ सीएफडी, म्हणजे द्रव-वायूंच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित, शिकायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. पॅराव्ह्यू म्हणजे अशा गणिताचे निकाल चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर, ट्रेस म्हणजे त्यात माउसने केलेल्या कृती पायथन स्क्रिप्टमध्ये नोंदणारी सोय, आणि मॅटप्लॉटलिब म्हणजे पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी. यातल्या तक्रारी खऱ्या आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्यापायी मुलं एक चांगलं हत्यार न शिकताच टाकून देतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

उदाहरणाला ओपनफोम या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं ‘कॅव्हिटी’ घेऊ, ते बहुतेकांनी केलेलं असतं. 0.1 मीटर बाजूचा चौकोन, वरचं झाकण सेकंदाला 1 मीटर वेगाने सरकतंय, 20 गुणिले 20 चा मेश (जाळी), 0.5 सेकंदापर्यंतचं गणित आणि दर 0.1 सेकंदाला लिहिलेला निकाल. मधोमध उभी रेघ घ्यायची आणि तिच्यावरचा वेग ‘प्लॉट ओव्हर लाइन’ने काढायचा, एवढंच काम.

आता ‘ट्रेसची स्क्रिप्ट चालत नाही’ हा आरोप. ट्रेसमध्ये ‘स्टार्ट ट्रेस’ दाबल्यानंतरचं नोंदलं जातं, आधीचं नाही. बहुतेक जण आधी फाइल उघडतात, अप्लाय करतात, शेवटच्या वेळेवर जातात आणि मग ट्रेस सुरू करतात. अशा स्क्रिप्टमध्ये फाइल वाचायची ओळच नसते. तिथे ‘फाइंड सोर्स’ असतं, म्हणजे आधीच उघडलेलं कॅव्हिटी शोधून दे. पीव्हीपायथन म्हणजे पॅराव्ह्यूच्या स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, त्याच्या रिकाम्या सत्रात ते सापडणार कुठून? हाती ‘नन’ (काहीच नाही) येतं आणि पुढच्याच कुठल्यातरी ओळीवर स्क्रिप्ट आपटते. एरर त्या पुढच्या ओळीची दिसते, म्हणून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. व्ह्यूचंही, म्हणजे चित्र किंवा चार्ट दाखवणाऱ्या चौकटीचंही, तसंच: आधीच उघडा असलेला चार्ट ट्रेसमध्ये ‘शोध, नाहीतर नवा कर’ एवढाच उतरतो, त्याच्यावर आधी केलेली मांडणी उतरत नाही.

त्याहून फसवी गोष्ट वेळेची. स्क्रीनवर तुम्ही 0.5 सेकंदाचा निकाल बघत होता. स्क्रिप्टला ते कुणी सांगितलेलंच नाही, ती पहिल्याच टप्प्यावर उभी राहते. शून्य वेळेची स्थितीही वाचायला सांगितली असेल तर आतला दाब शून्य, वेग शून्य, आणि रेघ अक्षाला चिकटून सपाट. एरर एकही नाही. लोक याला ‘कोरा चार्ट’ म्हणतात, पण चार्ट अगदी बरोबर आहे, वेळ चुकली आहे. ॲनिमेशन सीन घेऊन त्याला डेटातल्या वेळा वाचायला लावा आणि ‘गो टू लास्ट’ सांगा, मग रेघ उठते. ट्रेस नेहमी रिकाम्या सत्रातून सुरू करावा. आधीच सगळं मांडून झालं असेल तर ‘सेव्ह स्टेट’मधून पायथन फाइल काढावी. तिच्यात फाइल वाचण्यापासूनची पूर्ण साखळी येते.

‘एरर नाही, तरी रेघ नाही, म्हणजे बगच.’ इथे थोडं थांबावं लागेल, कारण मला वाटतं खरी गोम इथेच आहे. पॅराव्ह्यूचं पायथन प्रॉपर्टीच्या (सेटिंगच्या) नावाबाबत कडक आहे. नावात एक अक्षर चुकलं तरी ते असं नाव नाही म्हणून अडवतं. त्यामुळे आपली समजूत होते की चूक झाली तर ते सांगेलच. पण मालिकांची (चार्टमधल्या रेघांची) नावं हे प्रॉपर्टीचं नाव नाही, ती तिच्या आतल्या यादीतली साधी अक्षरं आहेत. त्या यादीत चुकीचं नाव टाकलं तर कुणी तक्रार करत नाही. त्या नावाची मालिका नाही, म्हणून काहीच रंगवलं जात नाही.

वेगाचंच घ्या. ॲरेचं (आकड्यांच्या संचाचं) नाव नुसतं ‘यू’, म्हणून दृश्य मालिकांच्या यादीत आपण ‘यू’ लिहितो. चार्टमध्ये मात्र सदिशाचे तुकडे पडतात: यू अंडरस्कोअर एक्स, वाय, झेड आणि मॅग्निट्यूड. नुसत्या ‘यू’ नावाची मालिका तिथे नसते. दुसरी चूक याहून जास्त होते. डिस्प्लेच्या पॅनेलमध्ये प्रत्येक मालिकेला दोन नावं दिसतात, एक व्हेरिएबलचं आणि एक लेजेंडचं (चार्टवरच्या खुणांच्या यादीतलं). लेजेंडचं नाव आपण बदललेलं असतं, डोळ्यासमोरही तेच असतं, आणि स्क्रिप्टमध्ये तेच लिहिलं जातं. चालतं ते फक्त पहिलं. शंका आली की डिस्प्लेची ‘सिरीज लेबल’ प्रॉपर्टी प्रिंट करा, नाव आणि लेबल अशा जोड्या समोर येतात.

रंगाची यादीही सपाट असते: मालिकेचं नाव, मग लाल, हिरवा, निळा यांचे आकडे, मग पुढच्या मालिकेचं नाव. आकडेसुद्धा अवतरणातच. आत वेगळी यादी केली की बिघडलं. ही रचना गैरसोयीची आहे हे मान्यच. आधुनिक पायथनच्या सवयीला ती खटकते.

सर्व्हरचा मुद्दा लवकर संपतो. चार्टसुद्धा ओपनजीएल या ग्राफिक्सच्या व्यवस्थेनेच रंगवला जातो, त्यामुळे डिस्प्ले नसलेल्या मशीनवर खिडकी उघडायचा प्रयत्न झाला की स्क्रिप्ट पडणारच. पीव्हीपायथनला ऑफस्क्रीन रेंडरिंगचा (खिडकी न उघडता चित्र काढायचा) पर्याय द्या किंवा नुसती स्क्रिप्ट चालवणारा त्याचा जोडीदार पीव्हीबॅच वापरा, आणि मशीनवर ग्राफिक्स कार्डच नसेल तर ओएसमेसा (ग्राफिक्सचं काम प्रोसेसरवर करणारी लायब्ररी) असलेली आवृत्ती घ्या. स्क्रीनशॉट घेताना व्ह्यूचं नाव द्यायला विसरू नका, नाहीतर जो व्ह्यू सक्रिय असेल त्याचं चित्र निघतं, आणि तो बहुधा त्रिमितीचा असतो.

राहिला मॅटप्लॉटलिबचा सल्ला. शोधनिबंधातल्या आकृतीसाठी मीही मॅटप्लॉटलिबच सुचवीन, अक्षरं आणि खुणांवर तिथे जास्त ताबा मिळतो. पण त्यासाठी सीएसव्हीचा वळसा कशाला? मेश बदलला, रेघ हलली, की फाइल शिळी झाली, आणि ती कुठल्या वेळेची होती हे महिन्याभराने कुणाला आठवतं? पॅराव्ह्यूच्या पायथनमधल्या सर्व्हर मॅनेजरच्या ‘फेच’ने तोच डेटा त्याच स्क्रिप्टमध्ये थेट हातात घेता येतो. शिवाय पॅराव्ह्यूमध्ये ‘पायथन व्ह्यू’ नावाचा व्ह्यू आहेच, त्यात मॅटप्लॉटलिबची आकृती पाइपलाइनला जोडलेली राहते: वेळ बदलली की आकृती बदलते. तिथे आकृती रिकामी आली तर आधी ‘सेटअप डेटा’ हे फंक्शन बघा. कोणते ॲरे पाठवायचे हे त्यात सांगावं लागतं. ‘एनेबल ऑल ॲट्रिब्यूट ॲरेज’ ही एक ओळ राहिली असेल, तर रंगवणाऱ्या फंक्शनपर्यंत भूमिती पोचते, पण दाब आणि वेग पोचत नाहीत.