‘आपल्या संस्कृतीत कोणी नाव लावत नसे’ हे खरे नाही

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर आला. तो आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल, कारण थोड्याफार फरकाने तो वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचा सारांश असा : कीर्तीची हाव ही पाश्चात्त्यांची देणगी आहे, ग्रीकांचा अकिलीस नावासाठी मेला, पण आपल्याकडे लेणी खोदणाऱ्यांनी नावे कोरली नाहीत, संतांनी रचनांवर नाव घातले नाही, रायगड बांधणाऱ्या हिरोजीने नावाऐवजी पायरी मागितली आणि गीतेने तर फळाची अपेक्षाच धरू नये असे सांगितले, सबब, जो आपले नाव मागतो तो आपली संस्कृती विसरला.

एरवी मी असा मजकूर वाचून सोडून दिला असता. पण तो कोणी सहज पाठवलेला नव्हता, माझ्या मावशीला उत्तर म्हणून पाठवला होता. मावशीने चार वर्षे वाड्यावाड्यांतून फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तिच्या दोन लांब वह्या मी पाहिल्या आहेत. प्रत्येक ओवीखाली, ती जिने सांगितली तिचे नाव, वाडी आणि तारीख निळ्या शाईत लिहिलेली आहे. एका देवस्थानाच्या स्मरणिकेत या ओव्या छापून आल्या तेव्हा वर ‘संकलन : स्मरणिका समिती’ एवढेच होते. मावशीने विचारणा केली, त्यावर हा मजकूर तिला पाठवण्यात आला आणि ती गप्प झाली. म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

पाश्चात्त्य देणगीचा मुद्दा फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. होमरच्या काव्यात अकिलीससमोर ‘क्लेओस आफ्थितोन’, म्हणजे न झिजणारी कीर्ती, आहे हे खरे. पण ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या नवव्या सूक्तात ऋषी इंद्राकडे जे ‘श्रवः’ मागतो तेही ‘अक्षितम्’, म्हणजे न झिजणारेच आहे. हे नुसते अर्थाचे साम्य नाही. ‘क्लेओस’ आणि ‘श्रवस्’ हे एकाच मूळ शब्दापासून निघालेले आहेत आणि आडालबेर्ट कून या जर्मन अभ्यासकाने हा मेळ १८५३ मध्येच दाखवून दिला आहे. जी इच्छा आपल्या सर्वांत जुन्या ग्रंथात उघडपणे मागितलेली आहे, ती परक्यांकडून उसनी आली असे म्हणण्यापूर्वी निदान तो ग्रंथ उघडायला हवा होता.

लेण्यांच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मी नाइलाजाने का होईना मान्य करतो. अजिंठ्याची चित्रे कोणी रंगवली, वेरूळचे कैलास लेणे कोणत्या हातांनी खोदले, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. मात्र नाव सापडत नाही याचा अर्थ नाव नको होते असा होत नाही. जिथे संधी मिळाली तिथे माणसांनी नाव कोरलेले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले असे लिहिताना ते ‘जंबुद्वीपात उत्तम’ असल्याचेही लिहिले आहे. दाता श्रीमंत होता म्हणून त्याचे नाव आले, असे कोणी म्हणेल. पण त्याच कार्ल्यात दरवाजाचे काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नाव त्याच्या बापाच्या नावासह आहे आणि पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीच्या हातावर ‘कण्हदासेन हिरंनकारेन कता’, म्हणजे कण्हदास सोनाराने केली, असे कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका सोनाराला आपल्या कामावर आपले नाव असावे असे वाटले, आणि यात त्याच्या संस्कृतीला काही वावगे वाटले नाही.

संतांच्या मुद्द्याला एक वाक्य पुरे होते. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनीं’, ‘म्हणे चोखियाची महारी’ ही नाममुद्रा जवळजवळ प्रत्येक अभंगाच्या शेवटी येते आणि ज्ञानेश्वरीच्या अखेरीस तर शके १२१२ हे साल, ज्ञानेश्वरांचे नाव आणि लेखनिक सच्चिदानंदबाबांचेही नाव आले आहे. लिहून घेणाऱ्याचे नाव ज्या परंपरेने ग्रंथात ठेवले, त्याच परंपरेचा दाखला देऊन मावशीचे नाव गाळले गेले, याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

आता हिरोजी. हा मुद्दा सर्वांच्या तोंडी असतो आणि तोच सर्वांत चुकीचा आहे. महाराजांनी बक्षीस मागायला सांगितले तेव्हा हिरोजीने रायगडावरच्या जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर आपला एक दगड बसवण्याची परवानगी मागितली, म्हणजे महाराजांच्या चरणांची धूळ त्यावर पडेल, अशी कथा आहे. कथा सुंदर आहे आणि तिच्यातली भक्ती मला मनापासून भावते. पण त्या दगडावर आहे काय? ‘सेवेचे ठायीं तत्पर’ आणि त्यापुढे हिरोजीचे नाव. म्हणजे त्याने मागितले ते नावच होते, फक्त ते पायाखाली ठेवायला मागितले.

त्याहून मोठा पुरावा त्याच देवळाच्या भिंतीत आहे आणि मजकूर लिहिणाऱ्याने तो वाचलेला दिसत नाही. तिथल्या संस्कृत शिलालेखात शके १५९६, म्हणजे राज्याभिषेकाचे १६७४ हे साल आहे, सिंहासनस्थ छत्रपती शिवरायांच्या आज्ञेचा उल्लेख आहे, विहिरी, तलाव, उद्यान, राजवाडे यांचे वर्णन आहे आणि अखेरीस हे शब्द आहेत : ‘हीराजिना निर्मितो यावच्चन्द्रदिवाकरौ विलसतस्तावत्समुज्जृम्भते’. हिरोजीने निर्मिलेले हे काम चंद्रसूर्य तळपत आहेत तोवर झळकत राहील, असा त्याचा अर्थ. स्वतः राजाच्या आज्ञेने बांधलेल्या देवळात, राजाच्या नावाशेजारी बांधणाऱ्याचे नाव चंद्रसूर्याच्या साक्षीने लिहिले गेले. ज्यांची मुद्राच ‘विश्ववंदिता’ होती आणि ज्यांनी परमानंदांकडून आपले चरित्रकाव्य लिहवून घेतले, त्या महाराजांना कीर्तीचे मोल ठाऊक होते आणि ते हाताखालच्या माणसालाही द्यावे लागते हेही ठाऊक होते. आपले नाव जपून दुसऱ्याला निरिच्छपणा शिकवणारा हा राजा नव्हता.

राहिली गीता. ‘मा फलेषु कदाचन’ त्याच ग्रंथात आहे, हे मान्य. पण त्याच दुसऱ्या अध्यायात, थोडेसे आधी, ‘संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते’, म्हणजे मानी माणसाला अपकीर्ती मरणाहून वाईट, असे कृष्ण अर्जुनाला बजावतो. अकराव्या अध्यायात तर ‘तस्मात्त्वमुत्तिष्ठ यशो लभस्व’ ही स्पष्ट आज्ञा आहे आणि त्याच श्लोकात ‘निमित्तमात्रं भव’ हेही आहे. यश मिळव, पण कर्ता तूच आहेस असे समजू नकोस, अशी ती दोन्ही मिळून शिकवण आहे. त्यातले एकच टोक धरून दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही.

आपल्या परंपरेत कीर्तीचे भय सांगितलेच नाही असे मी म्हणत नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अमानित्वाचे, म्हणजे मान न मागण्याचे, लक्षण सांगताना ‘वाचस्पतीचेनि पाडें । सर्वज्ञता तरी जोडे । परी वेडिवेमाजीं दडे । महमेभेणें ॥’ अशी ओवी येते. बृहस्पतीच्या तोडीचे ज्ञान असूनही मोठेपणाच्या भीतीने वेडेपणाआड लपणारा तो पुरुष मला वंदनीय वाटतो. पण तो स्वतः लपतो. दुसऱ्याने केलेल्या कामावरचे नाव पुसून ‘तू लप’ असे तो कोणाला सांगत नाही. अमानित्व हे ज्याचे त्याने घ्यायचे व्रत आहे आणि मावशीने ते घेतले नव्हते. शिवाय ज्यांनी तिला हे व्रत सांगितले, त्यांची नावे स्मरणिकेच्या दुसऱ्या पानावर छायाचित्रांसह छापलेली आहेत.

जात्यावरच्या ओव्या ज्यांनी रचल्या त्या बायांची नावे आधीच गेली, कारण ती लिहायला कोणी बसले नाही. मावशी बसली. काल तिच्याशी बोललो तेव्हा तिने स्वतःसाठी फारसे काही मागितले नाही. ‘पुढच्या अंकात माझे नाव आत कुठे बारीक अक्षरात आले तरी चालेल, पण त्या एकोणीस जणींची नावे त्यांच्या ओव्यांखाली यायला हवीत, त्यातल्या तिघी आता नाहीत,’ असे ती म्हणाली. दोन्ही वह्यांच्या छायाप्रती मी समितीला पाठवल्या आहेत.