टाकीचे घाव

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. ती टाकी पाथरवटाची. माझ्या वाट्याला आली ती पेट्रोलची, आणि तिचे घाव मी दीड महिना सोसले. देवपणाचं सोडा, दोन्ही हातांची बोटं तेवढी लोणच्यात मुरल्यासारखी झाली.

रामबागेतल्या आमच्या घराच्या माळ्यावर बोटीची मोटार आहे. होय, इंदुरात. ज्या गावात पाण्याचा टँकर हीच सगळ्यात मोठी जलवाहतूक, त्या गावात. काकांनी ती १९६८ साली मुंबईहून जुनी विकत आणली. अमेरिकन जॉन्सन, 'सी-हॉर्स', दहा घोड्यांची. महेश्वरला नावेच्या मागच्या फळीला ती अडकवायची आणि अहिल्याबाईंच्या घाटापासून वर मंडलेश्वरपर्यंत पाणी कापत जायचं, असा बेत होता. बेत एकदाच अमलात आला. मोटार अर्ध्या वाटेत गप्प झाली आणि नावाड्याने वल्ही मारत सगळ्यांना परत आणलं. परतीच्या वाटेवर काकू एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर जे बोलायला लागली, ते अजून चालू आहे.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत बायको म्हणाली, "अहो, एक तर ती मोटार चालू करा, नाहीतर भंगारवाल्याला द्या." काका शहाऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. त्यांना वाक्याचा पहिला अर्धा भागच ऐकू आला.

मोटारीने फार त्रास दिला नाही. पॉइंट घासले, प्लग बदलला, ठिणगी पडली. खरी गोम टाकीत होती. जुन्या छोट्या मोटारींची टाकी डोक्यावरच असे, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरे. पण १९४९ पासून जॉन्सनने मोठ्या मोटारीची टाकी वेगळी काढून नावेत ठेवली. पत्र्याची, सहा अमेरिकी गॅलनची, म्हणजे पावणेतेवीस लिटरची. आता नावेत खाली ठेवलेल्या टाकीतलं पेट्रोल वर चढणार कसं? पंप नाहीच. मोटार आपल्या क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या पोटातली, हवा एका नळीने टाकीत फुंकते आणि त्या दाबाने पेट्रोल दुसऱ्या नळीने वर येतं. थोडक्यात, ही टाकी म्हणजे हवा भरायचा स्टोव्ह. कुठे केसाएवढी फट असली तर दाब धरत नाही, आणि दाब नाही तर मोटारीला घोटभर पेट्रोल नाही. महेश्वरला नेमकं हेच झालं होतं, हे मला छप्पन्न वर्षांनी कळलं. काकूला सांगितलं नाही.

झाकण उघडून आत बॅटरी मारली. आत जुन्या पेट्रोलचं डिंकासारखं काळं सारण आणि त्यावर गंजाचे पापुद्रे. वास असा, की शेजारच्या काकूंनी गॅसचा सिलिंडर बंद करून घेतला.

गंज म्हटला की इंदुरात प्रत्येक माणूस वैद्य होतो. दूधवाला म्हणाला, तेजाब टाका. बायको म्हणाली, चिंच लावा, तांब्याची भांडी निघतात की. समोरचे भिया म्हणाले, "कोला डाल दो भिया, दाँत गला देता है तो ये क्या चीज है." मी सियागंजाच्या बाजारात जाऊन दोन किलो लिंबूसत्व मागितलं. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "शादी है क्या? ढोकला कितने लोगों का?" मी म्हटलं, टाकीसाठी. तो म्हणाला, "अच्छा," आणि माझ्या तोंडासमोर पुन्हा वजन केलं.

पण त्याआधी गंज सुटा करायचा असतो. त्यासाठी आत मूठभर नट टाकायचे, थोडं रॉकेल घालायचं आणि टाकी हलवायची. मी मोजून तीस नट टाकले. रोज संध्याकाळी अर्धा तास ती टाकी पोटाशी धरून अंगणात डोलत होतो. लांबून मंगळागौरीचा खेळ दिसत असावा. चौथ्या दिवशी नट बाहेर काढले तर एकोणतीस. तिसावा कुठे आडोशाला जाऊन बसला कोण जाणे. टाकी उलटी केली, आडवी केली, तिच्या बुडावर थापा मारल्या. हलवली की आवाज येई, उघडली की शांतता. शेवटी मुलाने तारेला चुंबक बांधून त्याला बाहेर ओढला आणि त्या दिवसापासून घरात तंत्रज्ञ म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं.

मग टाकीत लिंबूसत्वाचं कोमट पाणी, काठोकाठ. दोन रात्री ती बुडबुडत होती. तिसऱ्या दिवशी आतलं पाणी उसाच्या मळीसारखं आणि खाली पत्रा रुपेरी! मी हर्षभरित होऊन आम्ल मारायला खाण्याचा सोडा टाकला, तर टाकीने तोंडातून फेस काढला आणि तुळशीवृंदावनापर्यंत नेला. ती धुतली, उन्हात ठेवली आणि पोहे खायला आत गेलो. वर शेव, जिरावन, शेजारी जिलबी. माणसाला तासभर तर लागणारच. बाहेर येऊन पाहतो तर आत सगळीकडे पिवळी-केशरी हळद लागलेली. ओला उघडा पत्रा हवेत राहिला की असा ताजा गंज धरतो. काका झोपाळ्यावरून म्हणाले, "अरे, नवरी तयार झाली, आता नवरा आण."

पुन्हा सियागंज. या वेळी दुकानदाराने विचारलं, "पहलेवाले लोग चले गये क्या?"

दुसऱ्या खेपेला मी पोह्यांचा त्याग केला. धुतल्याबरोबर बायकोचा हेअर ड्रायर लावला आणि सुकलेल्या पत्र्यावर लगेच टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलात मिसळायचं तेल, फिरवलं. हेअर ड्रायरला अजून ऑइलचा वास येतो. हा विषय आमच्या घरात काढायचा नाही असं ठरलं आहे.

मग सायकलच्या पंपाने हवा भरून वरून साबणाचा फेस फासला. बुडाच्या सांध्यावर एक फुगा उगवला, फुटला, पुन्हा उगवला. पहिल्या वेल्डिंगवाल्याने पेट्रोलची टाकी हे शब्द ऐकताच दुकानाबाहेर बोट दाखवलं. त्याचं खरंच होतं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. पेट्रोल संपतं, वाफ सांध्यासांध्यांत बसून राहते. शेवटी रेडिएटर दुरुस्त करणारे एक उस्ताद मिळाले. त्यांनी टाकी आधी पाण्याने भरली, भोकाजवळ जेमतेम जागा सोडली, आणि ज्योत जवळ न नेता तापवलेल्या सोल्डरिंगच्या काव्याने झाळ दिली. पाच मिनिटांचं काम. मला मात्र त्यांनी रस्त्यापलीकडे उभं केलं होतं. "आप पढ़े-लिखे हो, झाँकोगे जरूर."

झाकणाखालचं बुचाचं गॅस्केट नवं कापलं, दोन्ही नळ्या नव्या घातल्या. रंगाबद्दल बोलत नाही. लाल मागितला होता, मिळाला तो लाल होता असं दुकानदार म्हणतो.

पेट्रोलात ऑइल चोवीसास एक, म्हणजे लिटरला चाळीस-बेचाळीस मिली. आपल्या जुन्या स्कूटरला वीस पुरत असे. ही मोटार त्या मानाने तुपातली.

आता पाणी. अशी मोटार कोरडी चालवत नाहीत, तिला थंड व्हायला पाणी लागतं, म्हणून ती दोनशे लिटरच्या ड्रमला अडकवायची. ड्रम भरायला नळाच्या दिवसाची वाट पाहिली, कारण आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. नर्मदेचंच. १९७८ पासून ते सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून उपसून इंदुरात चढवतात.

टाकीवरचं बटण दाबून दाबून पेट्रोल वर चढवलं आणि दोरी ओढली. अकराव्या झटक्याला मोटार खोकली, चौदाव्याला पेटली. अंगणभर निळा धूर. गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या, कुणीतरी ओरडलं, "मच्छरवाली गाड़ी आई!" ड्रममधलं पाणी उसळून काकांच्या धोतरावर आलं. ते झोपाळ्यावरून उठले, काठी टेकत ड्रमपाशी गेले आणि पाण्यात हात घातला.

"जलूद मंडलेश्वरला लागूनच ना रे?" त्यांनी आवाजावर ओरडून विचारलं.

"हो, तिथलंच पाणी आहे हे."

काकांनी मागे वळून स्वयंपाकघराच्या दिशेने हाक दिली, "अगं, ऐकलंस का? पोचलो!"

आतून काकूचा आवाज आला, "मग आता तो ड्रम घासा आणि नळ जायच्या आत परत भरून ठेवा."