कुत्र्याला अर्धी पेनकिलर? अजिबात नाही

"कुत्रा लंगडत असेल, कण्हत असेल तर डॉक्टरवर पैसे घालवू नका. आपलीच पेनकिलर अर्धी करून दूधभाकरीतून द्या. लहान मुलांना चालते, मग कुत्र्याला का नाही? मांजरालाही चालते." व्हॉट्सअ‍ॅपवरचा हा मेसेज परवा ताईने मला पाठवला आणि खाली विचारलं, "मोतीला देऊ का रे? मागचा पाय टेकवत नाहीये." तिने निदान विचारलं तरी. न विचारता गोळी देऊन मोकळे होणारे किती असतील, या विचाराने संताप होतो.

'अर्धी' म्हणजे किती, ते आधी बघू. घरोघरी असते त्या गोळीत 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं. मोती 8 किलोचा. अर्धी गोळी म्हणजे किलोमागे 25 मिलिग्रॅम. पशुवैद्यांच्या रोजच्या वापरातलं 'मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल' सांगतं की किलोमागे 5 मिलिग्रॅमसुद्धा बरेच दिवस दिलं तर कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, जठराला भोकही पडू शकतं. इथे त्याच्या पाचपट, तेही 'थोडीशीच' म्हणून!

आणि दूधभाकरीचं काय? जठराच्या अस्तराचा रक्तपुरवठा आणि त्यावरचा चिकट थर प्रोस्टाग्लँडिन्स या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनांमुळे टिकतो. आयबुप्रोफेनसारखी औषधं रक्तात मिसळून तीच कमी करतात. म्हणजे गोळी भाकरीत लपवली तरी इजा रक्तातून व्हायची ती होतेच. दोन दिवस न खाल्लेल्या, पाणीही कमी प्यायलेल्या कुत्र्याची मूत्रपिंडंही याच कारणाने धोक्यात येतात. शी डांबरासारखी काळी, चिकट झाली तर ते पचलेलं रक्त असतं. 'पोट साफ झालं' असं समजून कृपा करून गप्प बसू नका.

लहान मुलांना चालते म्हणे! नेप्रॉक्सेन ही अशीच एक पेनकिलर घ्या: ती माणसाच्या रक्तात निम्मी व्हायला 12 ते 17 तास लागतात, कुत्र्यात सुमारे 74. कुत्रा म्हणजे चार पायांचं मूल नव्हे.

मांजराचा सल्ला तर थेट जीवघेणा. पॅरासिटामॉल निकामी करायची यंत्रणाच मांजराच्या यकृतात तोकडी असते. 500ची एक गोळी मांजराला मारू शकते: हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो.

एक गोष्ट मान्य करावी लागते. मेलॉक्सिकॅम ही पेनकिलर माणसांनाही देतात आणि पशुवैद्य कुत्र्यांनाही देतात. पण कुत्र्याचा रोजचा डोस किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, पहिल्या दिवशी दुप्पट. मोतीला रोज 0.8 पुरे, मेडिकलमधली गोळी 7.5 किंवा 15 मिलिग्रॅमची. शिवाय आधीपासून स्टेरॉइड चालू असेल तर तेवढंही नको.

पैशांची अडचण खरी आहे, नाकारत नाही. त्यासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. ताईला मी म्हटलं, आधी पंजा उचलून बोटांच्या बेचक्यात बघ, काटा, काच, गोचीड काही आहे का; आणि संध्याकाळपर्यंत त्याला दाखवून आण.

गोळी आधीच दिली असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्याने मीठच अंगात भिनतं. लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता दिली, कुत्र्याचं वजन, एवढं सांगा आणि जाताना गोळीचं पाकीट बरोबर न्या.