ईटीसीचा सातबारा

सर्व्हर अपग्रेड करणं अजिबात अवघड नाही. चहा निवायच्या आत काम उरकतं. पथ्य एकच: पडद्यावर काहीही आलं तरी वाचायचं नाही.

डेबियन या लिनक्सचा डीपीकेजी तसा अबोल गडी. शेकडो पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, मुकाट्याने बसवतो आणि नेमके तुम्ही जांभई देत असता तेव्हा थांबून विचारतो, ‘एनजिनेक्स वेबसर्व्हरची, ईटीसी फोल्डरातली कॉन्फिग (सेटिंगची) फाइल तुम्ही बदललेली दिसते. पॅकेजवाल्यांनीही नवी पाठवली आहे. काय करू?’ खाली वाय, आय, एन, ओ, डी, झेड अशी निम्मी बाराखडी. यातलं डी दाबलं की दोन फाइलींतला फरक दिसतो, म्हणून ते दाबू नका. फरक दिसला की विचार करावा लागतो, आणि रात्री साडेअकराला विचार करण्याचा भत्ता कुणी देत नाही. एंटर दाबा. एंटर म्हणजे एन, एन म्हणजे जुनंच राहू दे.

एखादा शहाणा म्हणेल की डीपीकेजी उगाच विचारत नाही. खरं आहे. पॅकेजने मागच्या वेळी दिलेल्या फाइलीचा एमडीफाइव्ह ठसा (मजकुरावरून काढलेली खूण) त्याच्याकडे जपून ठेवलेला असतो. फाइल फक्त त्यांनी बदलली असेल तर तो गुपचूप नवी बसवतो. फक्त तुम्ही बदलली असेल तर तुमची तशीच सोडतो. दोघांनीही हात लावला असेल तरच दार वाजवतो. म्हणजे अख्ख्या अपग्रेडमध्ये तुमच्या डोक्याची गरज पडते ती या दोन-चार जागी. नेमकं तिथेच ते न वापरायला सराव लागतो. तो तुम्हाला आहे.

जुनं ते सोनं, याचा अनुभव एसएसएचइतका (दुरून सर्व्हरवर शिरायची सोय) दुसरीकडे कुठे येत नाही. ओपनएसएसएचने २०१५ साली, ७.० आवृत्तीत, रूटने, म्हणजे सर्वाधिकारी खात्याने, पासवर्ड टाकून थेट आत येण्याची मूळ मुभाच काढून टाकली. पण तुमच्या फाइलीत ‘परमिटरूटलॉगिन यस’ असं ठसठशीत लिहिलेलं आहे ना? मग निर्धास्त राहा, तुमचंच चालणार. इथे डेबियन यूसीएफ या दुसऱ्या साधनाच्या तोंडून विचारतो आणि त्याच्या यादीत ‘मूळ, तुमची आणि नवी अशा तिन्ही प्रती जुळवू का?’ असाही एक पर्याय असतो. तो कुणी निवडल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

जुन्याचा कंटाळा आला असेल तर डोळे मिटून नवी फाइल घ्या. तुम्ही कौतुकाने २२२२ वर नेलेलं एसएसएचचं पोर्ट (आत यायचं दार) पुन्हा २२ वर येईल आणि फायरवॉल मात्र २२२२ च उघडं ठेवून बसेल. चालू असलेलं सत्र तुटत नाही, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. ते सत्र लगेच बंद करा. दुसऱ्या खिडकीतून आत येता येतंय का, हे आधी तपासणं म्हणजे स्वतःवरच अविश्वास.

आर्च लिनक्सवाल्यांना एवढाही त्रास नाही. त्यांचा पॅकमन नवी फाइल ‘पॅकन्यू’ अशी शेपटी लावून शेजारी ठेवतो, एक ओळ छापतो आणि पुढे जातो. फेडोरा लिनक्सकडे हीच शेपटी ‘आरपीएमन्यू’. माळ्यावरच्या बरण्यांसारख्या या फाइली वर्षानुवर्षं साठू द्याव्यात आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी हुक्की आली की सगळ्या एकदम जुन्यांवर चढवाव्यात. त्यात ईटीसीतली, खात्यांची यादी असलेली ‘पासडब्ल्यूडी’ फाइल येईल. नव्या प्रतीत रूट असतो, तुम्ही नसता. पॅकडिफ नावाचं साधन एकेक फरक दाखवून विचारतं म्हणे, पण दिवाळीत इतका वेळ कुणाला?

बॅकअप मात्र जरूर घ्या, आणि मूळ फाइलीच्या शेजारीच घ्या. सुडोअर्स-डीच्या (रूटचे अधिकार कुणाला, त्याच्या) फोल्डरमध्ये नावात टिंब असलेली फाइल वाचलीच जात नाही, त्यामुळे तिथे ‘डॉट बॅक’ शेपटीची प्रत निरुपद्रवी. डेबियनचा एनजिनेक्स असला भेदभाव करत नाही. साइट्स-एनेबल्डमध्ये, म्हणजे चालू साइटींच्या फोल्डरात, जे पडेल ते तो पोटात घेतो, तुमचा ‘डॉट बॅक’सुद्धा, आणि मग मूळ फाइलीत ‘डिफॉल्ट सर्व्हर’ लिहिलेलं असेल तर एकाच दारावर दोन मालक उभे राहिले म्हणून सुरू व्हायलाच नकार देतो.

आता थोडं स्वतःचं. एकदा मी वाय, म्हणजे ‘नवी घे’, दाबलं. सकाळी लेखा विभागातून फोन: पीडीएफ चढत नाहीत, ४१३ (‘फाइल फार मोठी’) येतं. जुनी फाइल उघडली तर आत ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइज ३७ एम’. नव्या फाइलीत ती ओळच नव्हती, म्हणजे एनजिनेक्सच्या मूळ हिशेबाने मर्यादा १ एमबी. ते समजलं. पण ३७ का? ३२ समजू शकतो, ४० समजू शकतो. जुन्या साहेबांना विचारलं, त्यांनी त्यांच्याही आधीच्यांचं नाव सांगितलं, आणि ते केव्हाच नोकरी सोडून परदेशी गेलेले.

गावाकडे बांधावरची एक बाभूळ इकडची तिकडे झाली तरी सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर सापडतो. कुणाकडून कुणाकडे, कोणत्या कारणाने. आमच्या सर्व्हरवर लाखांचा धंदा चालतो आणि फेरफाराची वहीच नाही. तशी वही मिळते. ईटीसीकीपर अख्खी ईटीसी गिट या बदलांच्या नोंदवहीत ठेवतो, आणि पॅकेजं आणणाऱ्या एपीटीने हात लावायच्या आधी नि नंतर आपण होऊन नोंद घालतो. बसवायला एक ओळ पुरते. म्हणूनच तर ‘पुढच्या आठवड्यात बसवू’ म्हणता येतं.

त्या दिवशी मी ३७ परत लिहिलं. एनजिनेक्स रीलोड केला, पीडीएफ चढल्या. शेजारी हॅश (टिपेची खूण) टाकून ‘लेखा विभागाच्या पीडीएफसाठी’ एवढं लिहिणार होतो. हॅश टाकलाही. तेवढ्यात दुसऱ्या सर्व्हरवर डीपीकेजी काहीतरी विचारत थांबला होता, म्हणून उठलो आणि आधी तिकडे जाऊन एंटर दाबलं.