सामी लोकांना न भेटता सामी संस्कृती कशी बघावी

तर तुमचं फिनलंड बुक झालंय, अभिनंदन. थर्मल घेतले, भाकरवडीची पाकिटं भरली, आणि नॉर्दर्न लाइट्स आणि सांताक्लॉजच्या मध्ये कुठेतरी "सामी आदिवासी अनुभव, लंचसह" असंही एक कलम आहे (सामी म्हणजे फिनलंड-नॉर्वेच्या उत्तरेकडचे मूळचे लोक). ते सुखरूप पार पडावं म्हणून हे चार शब्द.

सगळ्यात आधी, रोवानिएमी या सांताच्या गावाच्या वर जायचंच नाही. फिनलंडमधला सामींचा अधिकृत प्रदेश म्हणजे उत्स्योकी, इनारी, एनोंतेकिओ आणि सोदानक्युलाचा वरचा भाग, आणि तो रोवानिएमीच्या बराच उत्तरेला सुरू होतो. इनारी तर तिथून तीनशेच्या वर किलोमीटर, तेवढ्यासाठी कोण बसमध्ये बसून राहणार. खाली रोवानिएमीत सांता आहे, आर्क्टिक सर्कलची रेघ आहे, आणि दुकानात पॉलिस्टरचा निळा-लाल "सामी ड्रेस" पण मिळतो. तो घाला.

खऱ्या पोशाखाला गाक्ती म्हणतात आणि त्याच्या पट्ट्या, काठ, टोपी बघून माणूस कुठल्या भागातला, कुठल्या घरातला ते जाणकाराला कळतं. काही भागात कमरपट्ट्याची बटणं गोल असली तर अविवाहित, चौकोनी असली तर लग्न झालेलं. म्हणजे तुम्ही बायकोच्याच शेजारी गोल बटणं लावून फोटो काढताय आणि ती छान म्हणतेय, असा सोहळा दुसरीकडे कुठे बघायला मिळणार!

मग हस्की गाडी. अस्सल सामी परंपरा म्हणून व्हॉट्सअॅपवर टाका. कुत्र्यांच्या गाडीतून फिरणं ही सामींची रीत नाही, उलट भलत्या कुत्र्यांना रेनडिअर बुजतात आणि हिवाळ्यात बर्फ उकरून शेवाळासारखं खाणं शोधणाऱ्या कळपाला उगाच पळवलं की त्याची ताकद जाते, पण हे कॅप्शनमध्ये बसत नाही. काचेच्या इग्लूचंही तेच, इग्लू कॅनडा-ग्रीनलंडकडच्या इनुइट लोकांचं, सामींचा तंबू म्हणजे लाव्वू. जाऊ दे, दोघंही थंडीतलेच ना.

रात्री शामन, म्हणजे आत्म्यांशी बोलणारा मांत्रिक, येईल. तोंडाला काजळी, अंगावर कातडं, हातात ढोल, तुमच्या कपाळाला काहीतरी फासेल आणि आर्क्टिक सर्कल ओलांडल्याचं सर्टिफिकेट देईल. तू सामी आहेस का असं त्याला विचारू नका, बिचाऱ्याचा सीझनल जॉब आहे. आणि ढोलाचा इतिहास तर अजिबात काढू नका, मूड जातो. सतराव्या-अठराव्या शतकात मिशनऱ्यांनी सामींचे हे ढोल हिसकावले, जाळले. नॉर्वेत अँडर्स पोलसेन नावाच्या म्हाताऱ्या सामीचा ढोल १६९१ साली जप्त झाला, जादूटोण्याचा खटला चालला, निकाल लागायच्या आतच कैदेत असताना त्याचा खून झाला, आणि तो ढोल डेन्मार्कच्या म्युझियमची मालमत्ता होऊन बसला तो सामींच्या नावावर झाला थेट २०२२ मध्ये. तुमचं सर्टिफिकेट मात्र लगेच हातात पडतं.

रेनडिअरवाला भेटलाच तर पहिला प्रश्न, तुमच्याकडे किती रेनडिअर? तिकडे हे बँक बॅलन्स विचारल्यासारखं धरतात, पण आपल्याला रेल्वेत शेजाऱ्याचा पगार विचारायची सवय आहेच. फिनलंडमध्ये सामी नसलेले लोकही रेनडिअर पाळतात आणि पुष्कळ सामी शिक्षक, नर्स, प्रोग्रामर आहेत, ही माहिती कोणी द्यायला लागलं की कॉफी घ्यायला उठा.

फिनलंडच्या सामी संसदेने २०१८ मध्ये पर्यटनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, आमच्या नावावर खोटं विकू नका, आमच्या संस्कृतीबद्दल काय सांगायचं ते आम्हाला ठरवू द्या, असा सगळा सूर आहे. (संसद वगैरे? आदिवासींची? बघा, अनुभवाची मजाच गेली.)

आणि एवढं सांगून बस चुकून इनारीला पोचलीच, तर सामींच्या सीडा म्युझियमच्या दारातून सेल्फी काढून परत फिरा, आत वाचायला फार आहे. बाहेर पार्किंगमध्ये जीन्स घातलेली एखादी मुलगी स्नोमोबाइलवरून उतरून फोनवर इनारी सामी भाषेत बोलत असेल, तिला हात करून थांबवा आणि विचारा, मॅडम, इथे खरे सामी कुठे बघायला मिळतील?