भूतसंशोधकामुळे भय पळते काय?

ठाण्यातील भयकथावाचकांमध्ये सध्या एक मत हातोहात फिरत आहे. झपाटलेल्या घरात एखादा संशोधक तापमापक आणि ध्वनिमुद्रक घेऊन शिरला की कथेतले भय संपते. हे पात्र टीव्हीवरच्या कार्यक्रमांतून अलीकडे आपल्याकडे आले. आणि त्याला पडका वाडाच हवा, घोडबंदर रस्त्यावरच्या इमारतीत त्याचे हसे होते, असे हे मत.

यातले ‘अलीकडे’ लगेच निकालात निघते. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाने एका पत्रात अथेन्समधल्या घराची हकिकत लिहिली आहे. भाडे संशय यावा इतके कमी आहे हे पाहून तत्त्वज्ञ अथेनोडोरस चौकशी करतो, सारे कळल्यावरही घर घेतो, रात्री लिहीत बसतो आणि साखळदंड वाजवत आलेली आकृती अंगणात जिथे नाहीशी होते, तिथे खूण करून दुसऱ्या दिवशी ती जागा खणवतो. खाली हाडे सापडतात. (ठाणेकराने आधी पाणी किती वेळ येते ते विचारले असते.) मराठीत भयकथाकार नारायण धारपांच्या कथांतले, अमानवी शक्तींशी झुंजणारे ‘समर्थ’ही खाजगी वाहिन्यांच्या आधीचेच, त्यांची साधने वेगळी असली तरी काम तेच आहे.

भय संपते, हा आक्षेप मात्र सविस्तर उत्तर मागतो. इंग्रज लेखक विल्यम होप हॉजसनच्या कथांतला भूतसंशोधक कार्नाकी छायाचित्रे घेतो, दारांना मोहोरा लावतो, आणि १९१० सालच्या एका कथेत घोड्याचे मुंडके चढवून घरच्यांना घाबरवणाऱ्या माणसाला चक्क पकडतोही. भय इथे संपायला हवे होते. पण तो तोतया डोळ्यांसमोर धरलेला असतानाच टापांचा आवाज पुन्हा येतो. लबाडी उघड झाली नसती, तर वाचकाने तो आवाजही लबाडीच मानला असता. संशोधक एकेक साधे कारण बाद करत जातो, तसतशी वाचकाची सुटकेची वाट अरुंद होते आणि उरलेल्या गोष्टीला नाव देणे टाळता येत नाही.

याच कारणाने इमारत वाड्यापेक्षा सरस ठरते. वाड्यात अंधार, वटवाघळे आणि कुजलेली तुळई यांवर भागते. वाशीच्या फ्लॅटमध्ये सामाईक भिंत, लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, एवढे सगळे आधी तपासावे लागते. विक टँडी या अभियंत्याने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात आपल्या प्रयोगशाळेतल्या अस्वस्थतेचा आणि भासाचा संबंध एका पंख्यामुळे निर्माण झालेल्या, सुमारे १९ हर्ट्झच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीशी जोडला होता. असा पंखा तळमजल्यावरच्या पार्किंगमध्येही असू शकतो, आणि तो बंद करायला लावणारा संशोधक मला तरी हास्यास्पद वाटत नाही.

यंत्राचा दिवा लुकलुकला की लेखकाने लिहिणे सोडून द्यायचे, अशा कथाही पुष्कळ आहेत, आणि त्या कंटाळवाण्या आहेत हे मान्य; पण तो आळस लेखकाचा आहे, पात्राचा नव्हे.