परक्याच्या यादवीत तळ ठोकणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी काही उपयुक्त सूचना

गेल्या महिन्यात आमच्या भागातील एका व्याख्यानमालेत एका संरक्षणतज्ज्ञांनी म्यानमारमधील यादवीवर तोडगा सांगितला. भारताने लष्कराच्या दोन डिव्हिजन पाठवाव्यात आणि महिन्याभरात विषय संपवावा, एवढे सोपे होते ते. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभा राहून श्रीलंकेची आठवण करून दिली, तेव्हा वक्ते हसून म्हणाले की तिथे आपल्या अधिकाऱ्यांनीच कच खाल्ली. श्रोत्यांचा उत्साह पाहता त्या दोन डिव्हिजन कधीही निघतील असे वाटल्यामुळे, श्रीलंकेच्या उत्तरेकडील जाफन्यात लष्कराची कंपनी सांभाळलेला एक निवृत्त अधिकारी या नात्याने, त्यांच्याबरोबर जाणाऱ्या तरुण कॅप्टन-मेजरांना चार गोष्टी सांगणे मी कर्तव्य समजतो.

पहिली सूचना अशी की, आपला शत्रू कोण हे विचारू नये. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी तिथल्या तमिळ बंडखोरांशी चाललेली यादवी मिटवण्याच्या करारावर सह्या केल्या आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या ५४ इन्फन्ट्री डिव्हिजनचे जवान जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर उतरू लागले. त्याच दिवशी कोलंबोत मानवंदना स्वीकारणाऱ्या आपल्या पंतप्रधानांवर यजमानांच्याच एका नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता हाणला. यजमानांच्या मनात काय आहे, हे त्यावरून एखाद्याला समजले असते. परंतु अधिकाऱ्याने असे परस्पर निष्कर्ष काढायचे नसतात. आपण शांतिसेना आहोत, एवढे लक्षात ठेवावे. ऑगस्टमध्ये ज्या गल्लीत गळ्यात हार पडतील, त्याच गल्लीतून ऑक्टोबरमध्ये तमिळ वाघांच्या, म्हणजे एलटीटीईच्या, गोळ्या येतील, आणि गोळ्या झाडणाऱ्यांपैकी काहींनी १९८३ नंतर भारतातच प्रशिक्षण घेतलेले असेल. त्यांचा नेम अचूक असेल तर आपल्या प्रशिक्षकांविषयी अभिमान बाळगावा.

नकाशा मागू नये. मिळालाच, तर त्यावरील रस्ते आपल्या आजोबांच्या काळातले असतील. शत्रूला मात्र नकाशाची गरज नसते, आणि आपला बेतही त्याला आधीच कळलेला असू शकतो. ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जवान हेलिकॉप्टरने जाफना विद्यापीठाच्या मैदानावर उतरले. त्यांतले २९ मारले गेले आणि एक जिवंतपणी शत्रूच्या हाती पडला.

तमिळ येत नसल्यास हातवारे करावेत.

छावणीची चिंता करू नये. एखादी रिकामी शाळा मिळते, ताडाच्या ओंडक्यांचे मोर्चे बनतात आणि लाल मातीच्या पोत्यांनी खिडक्या बुजवता येतात. ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला की खंदकात घरबसल्या स्नानाची सोय होते. आहारात शक्करपारे मुबलक असतात. पहाटे स्टँड-टू, म्हणजे शस्त्रे घेऊन सज्ज उभे राहणे, मग रस्ता उघडण्यासाठी पायी निघालेली तुकडी, मग प्रत्येक मोरीखाली वाकून सुरुंग शोधणे, असा दिनक्रम आरोग्यास हितकारक आहे. सकाळी उघडलेला रस्ता अंधार पडताच आपोआप बंद होतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी काय करावे हा प्रश्न पडत नाही. हातात जड एसएलआर रायफल असेल आणि समोरच्या सोळा वर्षांच्या पोराकडे एके-४७. या फरकाबद्दल जवानांनी विचारले, तर एसएलआरच्या मजबूत बांधणीचे महत्त्व समजावून सांगावे.

घरी पत्र लिहिताना हवामानाविषयी लिहावे.

सर्वांत महत्त्वाची सूचना कागदपत्रांविषयी आहे. युद्धात माणूस हरवला तर चालते, परंतु पाण्याची बाटली हरवून चालत नाही. आमच्या कंपनीची एक वन-टन गाडी अशाच एका मोरीवर उडाली. गाडीत शिधा होता, पाण्याची जेरिकॅन होती आणि आमची माणसे होती. ज्या मोरीची सकाळी तपासणी झाली होती, तिच्याखाली दुपारपर्यंत कोणीतरी सुरुंग पेरला होता. आम्ही जे हाती लागले ते ताडपत्रीत गोळा केले. त्यानंतर काही आठवड्यांनी, समुद्रापलीकडच्या एका कार्यालयातून, जिथे पंखे चालत होते आणि चहा वेळेवर येत होता, मला एक पत्र आले. जेरिकॅन किती होती आणि लेजरमध्ये किती दाखवली आहेत, यांत तफावत का आहे, असे विचारले होते. ताडपत्री खराब कशी झाली, याचा खुलासा मागितला होता. सुटे चाक परत जमा का केले नाही, हा वेगळा मुद्दा होता. मी उत्तर दिले. त्यावर पुन्हा पत्र आले की कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद अपुरे असून, वाहनाचे नुकसान राइट ऑफ करावयाचे असल्यास चालकाचा लेखी जबाब जोडावा. मी लिहिले की चालक त्याच स्फोटात मरण पावला आहे. उत्तर आले की, तसे असल्यास जबाब का घेता आला नाही याचे प्रमाणपत्र जोडावे. तो सातारा जिल्ह्यातला मुलगा होता. त्याच्या वडिलांना पत्र लिहायला मला जेवढा वेळ मिळाला, त्याहून कितीतरी अधिक वेळ त्याच्या गाडीच्या सुट्या चाकावर गेला, आणि त्या साऱ्या पत्रव्यवहारात एकाही माणसाने मला असे विचारले नाही की, तो रस्ता आम्ही रोज कोणासाठी आणि कशासाठी उघडत होतो. हे विचारण्याचा रकाना कोणत्याही नमुन्यात नव्हता.

यजमान बदलले तर गोंधळू नये. १९८९ मध्ये अध्यक्ष प्रेमदासांनी आपल्याला २९ जुलैपर्यंत चालते व्हायला सांगितले आणि ज्यांच्याशी आपण लढत होतो त्या वाघांनाच शस्त्रे पुरवली. आपण त्यांच्याच देशाची एकात्मता राखण्यासाठी मरत आहोत, हे त्यांना सांगायला कोणी गेले असते तर बरे झाले असते.

परत येताना स्वागताची अपेक्षा ठेवू नये. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली, तेव्हा मद्रासमध्ये तिचे स्वागत करायला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी यांनी नकार दिला होता.

आता सूचना पुरे झाल्या. ‘कच खाल्ली’ हा शब्द वापरणाऱ्यांना मला सरळ विचारायचे आहे की, मुंबईत जन्मलेले ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे नाव त्यांनी ऐकले आहे का? २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागल्यावरही ते जवानांना आदेश देत राहिले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. अकराशेहून अधिक माणसे तिथे मारली गेली. कच त्यांनी खाल्ली नाही. ज्यांनी एका सहीसरशी त्यांना पाठवले आणि नंतर अडीच वर्षांहून अधिक काळ काय करायचे ते ठरवले नाही, त्यांच्याविषयी त्या व्यासपीठावरून एक शब्द निघाला नाही. आणि आम्ही निवृत्त अधिकारी ज्याविषयी समारंभात बोलत नाही, तेही ऐका. १९८७ च्या त्याच ऑक्टोबरच्या २१ तारखेला जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. त्या शहराने ते आपल्या सैन्याच्या नावावर लिहून ठेवले आहे आणि आपण कितीही व्याख्याने दिली तरी ते खोडले जाणार नाही. परक्याच्या यादवीत सैन्य घुसवले की असेच होते, कारण तिथे प्रत्येक दार शत्रूचेही असते आणि एखाद्या म्हातारीचेही. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी तज्ज्ञ म्हणून मिरवू नये, आणि ज्यांना ठाऊक असूनही ते टाळ्या घेतात त्यांना लाज वाटायला हवी.

बटालियनच्या स्टोअरमधून एक ब्लँकेट हवे असेल तर इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, कारण लिहावे लागते, आणि ते पटले नाही तर क्वार्टरमास्टर इंडेंट परत पाठवतो. श्रीलंकेत मात्र एकामागून एक चार डिव्हिजन गेल्या. तेव्हा आता म्यानमारसाठी दोन डिव्हिजन मागणाऱ्यांनी आधी एका कागदावर शत्रू कोण, काम कधी पूर्ण झाले असे मानायचे आणि परत बोलावण्याची जबाबदारी कोणाची, एवढे लिहून खाली सही करावी. तोपर्यंत टाळ्या आवराव्यात.